नेपल्सच्या जुन्या वस्तीत राहावं का? क्वार्तिएरी स्पान्योली, स्पाक्कानापोली आणि आसपास

सांजवेळ

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात नवऱ्याचं रोमला काम आहे. ते आटोपलं की सासू-सासऱ्यांना घेऊन नेपल्सला जायचं घाटतंय. पाँपेई होईलच, पण मला जुन्या शहराच्या पोटात राहायचंय. क्वार्तिएरी स्पान्योली नावाच्या वस्तीतलं एक घर बघून ठेवलंय. चौथा मजला, बाल्कनी, खाली गल्ली. भावाला सांगितलं तर म्हणतो, "पाकीट, पासपोर्ट आणि मंगळसूत्र घरी ठेवून जा."

सासूबाई शाकाहारी आहेत, अंडं चालतं. सासऱ्यांचे गुडघे बोलतात, पण चालायची हौस दांडगी. दोघांना संग्रहालयात नेलं की अर्ध्या तासात बाक शोधतात, आणि बाजारात सोडलं की ओढून आणावं लागतं.

तर, राहायला हा भाग बरा का? रात्री फिरता येतं का? बाईंच्या जेवणाचं काय? आणि त्या गल्ल्यांमध्ये बघायचं नक्की काय? यूट्यूबवर सगळे मॅराडोनाच्या भिंतीसमोर उभं राहून पिझ्झा खातात, त्यापलीकडे कॅमेरा सरकतच नाही.

खडूसकाका

रोमहून सकाळची फास्ट गाडी पकडा, सव्वा तासात नेपल्स, तिथून पाँपेई, रात्री रोमला परत. नेपल्स म्हणजे कचरा, कर्णे आणि खिसेकापू. वयस्कर माणसांना कशाला तो ताप?

व्होमेरोकर

काकांशी भांडत नाही. कर्णे आहेतच, आणि २००८ च्या सुमारास कचऱ्याचे ढीग जगभर टीव्हीवर दिसले, ते लोकांच्या डोक्यातून जायला तयार नाहीत. मी या शहरात राहतो, वर व्होमेरोच्या टेकडीवर, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सकाळी येऊन रात्री परत जाणं हा ही वस्ती न बघण्याचा हमखास मार्ग. सकाळी आठला शाळेची पोरं आणि पाववाला, दुपारी दोनला सामसूम आणि बंद दारांआडून भांड्यांचे आवाज, रात्री दहाला पुन्हा अख्खी गल्ली बाहेर. यातलं एक बघून दुसरं कळत नाही.

जागा आधी समजून घ्या. १५३२ साली स्पेनच्या राजाचा व्हाइसरॉय म्हणून पेद्रो दे तोलेदो इथं आला. १५३६ मध्ये त्याने एक लांबलचक सरळ रस्ता काढला, तोच व्हिया तोलेदो. त्याच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर, स्पॅनिश शिपायांच्या सोयीसाठी आखलेली ही चौकटी-चौकटींची वस्ती. शिपाई आले की त्यांच्यामागून दारू, जुगार आणि कुंटणखाने आले. वस्तीची बदनामी तेव्हापासूनची आहे. पुढे शहराच्या तटाबाहेर बांधायला बंदी आणि माणसांचे लोंढे मात्र चालूच, म्हणून घरं वर वर चढत गेली. पाच-सहा मजले आणि मध्ये दोन स्कूटर कशाबशा जातील एवढी गल्ली. ऊन मिळतं ते वरच्यांना. तळमजल्यावर थेट रस्त्याला दार असलेली एका खोलीची घरं, त्यांना बास्सो म्हणतात. दार अर्धं उघडं, आत पलंग, टीव्ही आणि संताची तसबीर, दाराबाहेर खुर्ची टाकून आजीबाई बसलेल्या. खुर्चीखालचा रस्ता त्यांच्याच मालकीचा असतो, नगरपालिकेच्या कागदावर काहीही असो.

आता राहण्याचं. "चौथा मजला" वाचलं आणि थबकलो. लिफ्ट आहे का ते घरमालकाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. व्हिया तोलेदोपासून वर कोर्सो व्हित्तोरियो एमानुएलेपर्यंत चढच चढ आहे, मध्येमध्ये पायऱ्या. सासऱ्यांसाठी युक्ती सांगतो. मेट्रो लाइन १ चं तोलेदो स्टेशन २०१२ साली सुरू झालं. जमिनीखाली जवळपास ५० मीटर, निळ्या मोझेइकच्या पोकळीतून सरकता जिना उतरतो, ते स्टेशनच बघण्यासारखं आहे. त्याला दुसरं दार आहे, मोन्तेकाल्व्हारियो नावाचं. भुयारातून चालत गेलं की थेट वस्तीच्या मधोमध बाहेर पडता, चढ वाचतो. घर त्या दारापासून खालच्या अंगाला बघा, वरच्या नको.

भीतीचं म्हणाल तर ऐंशी-नव्वदच्या दशकात स्कूटरवरून पर्स खेचणं नित्याचं होतं. आज गल्ल्या मध्यरात्रीपर्यंत माणसांनी भरलेल्या असतात. खिसेकापू आहेत, पण ते मुख्य स्टेशनच्या आसपास आणि पाँपेईला जाणाऱ्या चिर्कुमव्हेसुव्हियाना गाडीत जास्त. मंगळसूत्र पदराआड, पिशवी भिंतीकडच्या खांद्यावर, बस. खरी काळजी स्कूटरची. रस्ता ओलांडताना थबकू नका आणि धावूही नका, एका चालीने चालत राहा, ते बाजूने काढतात. मध्येच थांबलात तर त्यांचा अंदाज चुकतो आणि मग तुमच्या पूर्वजांचा उद्धार होतो.

चाळकरी

फोटो बघून थेट गिरगाव आठवलं! वरून दोरीला टोपली सोडून भाजी घ्यायची, आमच्या आजीचं रोजचं काम. सासू-सासऱ्यांना अगदी घरच्यासारखं वाटेल बघा.

भटकी_मांजर

प्रत्येक धाग्यात गिरगाव आलंच पाहिजे का? :)

चाळीला गॅलरी असते, खाली चौक असतो. घर आणि रस्ता यांच्यामध्ये काहीतरी असतं. बास्सोला ते काही नाही, उंबरठा ओलांडला की स्कूटर. त्यामुळे परक्या माणसाने तिथं कसं वागायचं हेही वेगळं. माझ्यासमोर एका मुलीने चालता चालता अर्ध्या दारातून मोबाइल आत घालून फोटो काढला. आत एक आजोबा बनियनवर जेवत होते. बाहेर बसलेली बाई काही बोलली नाही, उठली, खुर्ची उचलून दाराच्या मधोमध ठेवली आणि पाठ करून बसली. नंतर गल्लीतून गेलेल्या प्रत्येकाला ती पाठच दिसली, आम्हालाही.

मान हलवून "बोंजोर्नो" म्हणा. दुपारनंतर "बोनासेरा". उत्तर आलं तर थांबा, नाही आलं तर चालू पडा. सांजवेळ, तुमच्या सासूबाईंना हे शिकवावं लागणार नाही. मराठी येत असलेली बाई आणि नेपल्सची बाई खाणाखुणांवर अर्धा तास सहज बोलू शकतात, मी बघितलंय.

टोपलीचं मात्र खरं आहे. पानारो म्हणतात तिला. २०२० च्या टाळेबंदीत सांता क्यारा चर्चजवळच्या गल्लीत लोकांनी अशीच टोपली खाली सोडून ठेवली होती, पास्ता आणि टोमॅटोचे डबे घालून, सोबत चिठ्ठी: ज्याला जमेल त्याने ठेवा, ज्याला जमत नाही त्याने घ्या. ही ओळ डॉक्टर जुझेप्पे मोस्काती यांच्या नावाने सांगतात. गरिबांना फुकट तपासायचे, १९२७ साली गेले, १९८७ साली त्यांना संतपद मिळालं. जवळच्याच जेझू नुओव्हो चर्चमध्ये त्यांची समाधी आहे. तिथं गर्दी पर्यटकांची कमी आणि रिपोर्टच्या फायली हातात घेतलेल्यांची जास्त असते.

कढीलिंब

खाण्याचं खातं मी घेते.

आधी वाईट बातमी. नेपल्सच्या जुन्या पदार्थांमध्ये डुकराची चरबी लपलेली असते, तिला स्त्रुत्तो म्हणतात. मिरी-बदाम लावलेले खमंग ताराल्ली दिसतात साधेसुधे, पण पिठात स्त्रुत्तो असतो. पापुद्र्यांची स्फोल्यातेल्ला, जिच्यासाठी सगळे वेडे होतात, तिच्या पापुद्र्यांना तीच चरबी लावलेली असते. हल्ली काही ठिकाणी लोणी वापरतात. विचारायचं एवढंच: "चे स्त्रुत्तो?" मान हलली तर पुढं जायचं. इथं कुणी रागवत नाही, उलट दुसरीकडे कुठं मिळेल ते सांगतात, आणि तिथला कसा भिकार असतो तेही.

चांगली बातमी बरीच आहे. मारिनारा पिझ्झा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीज नाहीच. मार्गारिता तर आहेच. भट्टीत जेमतेम दीड मिनिट, मध्ये ओलसर, कडा फुगलेल्या. ज्याला कुरकुरीत हवा त्याला हा कच्चा वाटतो, त्याची तयारी ठेवा. रस्त्यावर चार घड्या घालून कागदात देतात तो छोटा पिझ्झा सासऱ्यांना चालता चालता खाता येईल. २०१७ साली युनेस्कोने इथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला वारसा यादीत घेतलं. त्यानंतर प्रत्येक दुकानावर ती पाटी लागलीय, तिच्यावरून काही ठरवू नका. दुपारी गल्लीतले कामगार कुठं उभे आहेत ते बघा.

तळलेला पिझ्झाही मिळतो. युद्धानंतर भट्ट्या मोडलेल्या आणि चीज महाग, तेव्हा बायका बास्सोच्या दारात कढई मांडून तळायच्या. आज खा आणि पैसे आठ दिवसांनी द्या, असा उधारीचा रिवाजच होता. आतल्या सारणात बहुधा चिकोली म्हणजे डुकराचे तळलेले तुकडे असतात. "सेन्झा चिकोली" म्हणालात की फक्त रिकोत्ता चीज घालतात.

तळणीच्या दुकानात कागदाचा कोन मिळतो, कुओप्पो. समुद्राचा आणि जमिनीचा असे दोन प्रकार. जमिनीचा मागा, त्यातही बटाट्याच्या क्रोक्केत हॅमचे तुकडे आहेत का ते विचारा. मक्याच्या पिठाचे तळलेले त्रिकोण असतात, स्काल्योझ्झी, ते बिनधास्त. आणि हंगाम उरला असेल तर भोपळ्याच्या फुलांची भजी! सासूबाई तिथंच बसतील.

जेवणात वांग्याची पार्मिजाना (सॉस मटणाचा नाही ना हे विचारून), बटाटा आणि प्रोव्होला चीज घातलेला पास्ता (यातही कधी डुकराचं मांस असतं, विचारा), थंडी सुरू झाली की फ्रिआरिएल्ली नावाची कडसर पालेभाजी, लसूण-मिरचीवर परतलेली. ती सॉसेजबरोबर देतात, वेगळी मागायची.

एक नाजूक मुद्दा. पार्मेजानो आणि इथली म्हशीच्या दुधाची मोझ्झारेल्ला, दोन्हींत दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. बाई किती काटेकोर आहेत त्यावर ठरवा.

सांजवेळ

कढीलिंब, दंडवत! रेनेटचं मी त्यांना सांगणार नाहीये.

कढीलिंब

सांगा हो. इतकी वर्षं संसार केलेली बाई, स्वतः ठरवतील की.

दगडफूल

त्या वस्तीत घरं इतकी उंच कशी उभी राहिली याचं उत्तर जमिनीखाली आहे. नेपल्स पिवळसर तुफा दगडावर बसलंय. ज्वालामुखीच्या राखेचा दगड, कापायला मऊ, वजनाला हलका. घर बांधायचं तर खाली खणायचं आणि निघालेला दगड वर रचायचा. म्हणजे प्रत्येक मोठ्या घराखाली जवळपास तेवढीच पोकळी. ग्रीकांनी सुरुवात केली, रोमनांनी त्या पोकळ्या जोडून पाणी खेळवलं, आणि पुढे शतकानुशतकं घरोघरच्या विहिरी खालच्या हौदांत उघडत राहिल्या. १८८४ साली कॉलऱ्याची मोठी साथ आली, पुढच्याच वर्षी सेरिनोहून नवं पाणी आलं आणि हा जुना कारभार बंद पडला. दुसऱ्या महायुद्धात त्याच पोकळ्यांमध्ये लोक बॉम्बपासून लपले. भिंतीवर त्यांनी कोरलेली नावं-चित्रं अजून आहेत.

हौद साफ करणारे असायचे पोझ्झारी. अंगाने लहानखुरे, डोक्यावरून झगा घेतलेले, विहिरीतून वर चढून कुणाच्याही स्वयंपाकघरात निघू शकतील असे. घरातल्या वस्तू गायब होणं, कधी अचानक पैसे सापडणं, बाईला कुणीतरी भेटून जाणं, या सगळ्याचं खापर लोक मुनाचिएल्लोवर फोडतात. साधूच्या वेशातलं बुटकं भूत. पोझ्झारींची सोय झाली असं इतिहासकार मिस्कीलपणे म्हणतात.

सान गाएतानो चौकातून भुयार बघायला उतरता येतं, पण शंभरावर पायऱ्या आहेत आणि एक बोळ हातात दिवा घेऊन आडवं सरकत जायचा. सासऱ्यांना वर कॉफी पाजत ठेवा.

आणखी एक. गल्लीच्या कोपऱ्यांवर मेरीचे काचेचे देव्हारे दिसतील, दिवे लावलेले. अठराव्या शतकात रात्री रस्त्यांवर काळोख आणि चोरांचं राज्य. सरकारने लावलेले दिवे चोर फोडायचे. तेव्हा पाद्रे रोक्को नावाच्या डॉमिनिकन साधूने डोकं लढवलं: कोपऱ्याकोपऱ्यावर तसबिरी लावा आणि त्यांच्यापुढे तेलाचे दिवे ठेवा. देवासमोरचा दिवा फोडायला चोराचाही हात धजेना. तेलाचा खर्च गल्लीवाल्यांनी उचलला. सरकारचे पैसेही वाचले.

खडूसकाका

हे मात्र झकास. पुण्यात खड्ड्यांभोवती करून बघायला हवं.

पायवाट

बघायचं काय, याबद्दल. क्वार्तिएरीतून व्हिया तोलेदो ओलांडून पूर्वेला गेलात की जुनं ग्रीक शहर सुरू होतं. अडीच हजार वर्षांपूर्वी आखलेल्या रस्त्यांवरच आजची दुकानं आहेत. त्यातला खालचा रस्ता म्हणजे स्पाक्कानापोली. तो रस्ता आहे हे खाली चालताना कळतच नाही, त्यासाठी आधी फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने, वर जा आणि टेकडीवरच्या सान मार्तिनो मठाच्या कठड्यावरून खाली बघा. छपरांच्या गर्दीतून कुणी सुरी फिरवल्यासारखी सरळ रेघ दिसेल. मग खाली उतरून त्या रेघेत शिरा. उतरायला ४१४ पायऱ्यांचा जुना रस्ता आहे, पेदामेन्तीना. गुडघेवाल्यांनी फ्युनिक्युलरनेच परतावं.

सांता क्याराचं अंगण सासूबाईंना आवडेल असं वाटतं. रंगीत फरशांनी मढवलेले खांब आणि बाक, त्यावर देवाधर्मापेक्षा मासे पकडणारे, खेळणारे, नाचणारे लोकच जास्त रंगवलेत. आणि बसायला जागा आहे! त्याच चर्चवर ४ ऑगस्ट १९४३ रोजी बॉम्ब पडले, आतलं सगळं जळालं. आज दिसतं ते नंतर पुन्हा उभं केलेलं, रिकामं आणि उंच.

सान ग्रेगोरियो आर्मेनो ही ख्रिस्तजन्माचे देखावे करणाऱ्यांची गल्ली. डिसेंबरात मुंगी शिरणार नाही. ऑक्टोबरात कारागीर कामात असतात, बोलायला वेळही असतो. बूच आणि शेवाळाचे डोंगर, भाजलेल्या मातीची बोटभर मुंडकी, त्यांना तारेचं अंग. बाळ येशू कोपऱ्यात, आणि मध्ये पाववाला, मासेवाली, झोपलेला धनगर, यावर्षी गाजलेला फुटबॉलपटू.

कापेल्ला सान्सेवेरोचं तिकीट आजच काढा. जुझेप्पे सान्मार्तिनोने १७५३ साली एकाच संगमरवरातून ख्रिस्ताचा देह आणि त्यावरची झिरझिरीत चादर कोरली. चादरीखालची कपाळावरची शीर दिसते. लोकांचा त्यावर विश्वासच बसेना, मग आवई उठली की चॅपलचा मालक, राजपुत्र रायमोंदो दि सांग्रो, याने खरं कापड किमयेने दगड केलं. फोटोला मनाई आहे. त्यामुळे तिथं लोक खरोखर बघतात.

आणि एकच चित्र बघायचं असेल तर व्हिया देइ त्रिबुनालीवर पियो मोन्ते देल्ला मिझेरिकोर्दिया. रोममध्ये खून करून पळालेला काराव्हाज्जो इथं आला आणि १६०७ मध्ये त्याने दयेची सात कामं एकाच चौकटीत रंगवली. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, मेलेल्याला मूठमाती, सगळं एका अंधाऱ्या बोळात, एकमेकांत घुसलेलं. तुरुंगाच्या गजांतून मुलगी म्हाताऱ्या बापाला अंगावर पाजतेय, कोपऱ्यामागून प्रेताची फक्त पावलं दिसतात. चित्र ज्या वेदीसाठी काढलं तिथंच अजून आहे, आणि ते काढवून घेणारी धर्मादाय संस्था १६०२ पासून चालू आहे. बघून बाहेर पडलं की तीच गल्ली असते, फक्त प्रेताऐवजी स्कूटर.

सांजवेळ

पायवाट, हे चित्र सासऱ्यांना दाखवणारच. बाकाचं बघते.

जुनीवाट

थोडा विरजणाचा थेंब टाकतो. मी पूर्वी गेलो होतो तेव्हा मॅराडोनाच्या भिंतीपुढे गाड्या लावलेल्या असायच्या आणि पोरं चेंडू मारायची. गेल्या वर्षी पुन्हा गेलो. आता तिथं जर्सी, मॅग्नेट, निळे स्प्रिट्झ, रांगेत सेल्फी. ज्या दारांत आजीबाई बसायच्या तिथं नंबर दाबून उघडायची कुलपं. "खऱ्या वस्तीत" राहायला म्हणून आपण जातो आणि ज्याच्यामुळे ती खरी होती त्यालाच बाहेर काढतो. सांजवेळ, राग मानू नका, पण तुमचं चौथ्या मजल्याचं घर कुणाचं तरी होतं.

व्होमेरोकर

जुनीवाट यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. घरमालकाला महिन्याच्या भाडेकरूपेक्षा आठवड्याचा पाहुणा परवडतो, भाडेकरूला मग शहराच्या कडेला जावं लागतं. "चला पर्यटक" अशा अर्थाच्या पाट्याही भिंतींवर दिसतात.

पण चित्र एकरंगी नाही. त्या भिंतीचीच गोष्ट घ्या. १९९० मध्ये मॅराडोना खेळत असलेल्या नेपल्सच्या फुटबॉल संघाने दुसऱ्यांदा लीग जिंकली तेव्हा मारियो फिलार्दी नावाच्या वस्तीतल्या तरुणाने ते चित्र काढलं. पुढे रंग उडाला, कुणीतरी ऐन चेहऱ्याच्या जागी खिडकी पाडली, कुणाला काही वाटलं नाही. २०१६ साली वस्तीनेच ते पुन्हा रंगवून घेतलं. चेहरा आता खिडकीच्या झडपांवर आहे, आतल्या माणसाने हवेसाठी खिडकी उघडली की मॅराडोना बिनडोक्याचा. २५ नोव्हेंबर २०२० ला तो गेला, त्या रात्रीपासून तिथं देऊळच झालं. मग २०२३ ला ३३ वर्षांनी लीग जिंकली, २०२५ ला परत. पताका उतरवायला कुणाला वेळच मिळालेला नाही. त्या गल्लीत आज कॉफी विकणारी कित्येक पोरं एरवी कामासाठी उत्तरेला गेली असती, किंवा काहीतरी वाईट करत बसली असती. गल्लीतल्या बायका म्हणतात, गोंगाट आहे पण पोलिसांची गाडी रोज येत नाही.

दुसरीकडे रिओने सानिता बघा. तीही तशीच बदनाम वस्ती, नटसम्राट तोतोचा जन्म तिथला. नेपोलियनच्या काळात वरून पूल बांधला आणि वस्ती पुलाखाली राहिली, शब्दशः वरून जाणाऱ्यांच्या नजरेआड. २००६ साली तिथल्या तरुणांनी ला परान्झा नावाची सहकारी संस्था काढली आणि सान जेन्नारोची भुयारी दफनभूमी स्वतः चालवायला घेतली. वाटाडे वस्तीतलेच. तिकिटाचा पैसा कुठं जातो हे ते फिरवताना दाखवतात. पुलावरून खाली वस्तीत उतरायला सार्वजनिक लिफ्ट आहे, चालू असली तर गुडघ्यांना वरदान.

माझा सल्ला: अख्खं घर घेऊ नका. मालक स्वतः राहत असलेल्या घरातली खोली किंवा छोटं कुटुंबाचं हॉटेल घ्या. आणि पैसे पिन्यासेक्का बाजारात खर्च करा. मोन्तेसांतो स्टेशनजवळ, वस्तीला लागूनच. सकाळी नऊला जा. मासेवाला पिंपातलं पाणी ओंजळीने मासळीवर मारत ओरडत असतो, शेजारी उकडलेल्या आतड्यांवर लिंबू पिळून देणारा, त्याच्याशेजारी मोज्यांचा ढीग. सासूबाईंना आतड्यांच्या दुकानापासून जरा दूरच्या बाजूने न्या. त्यापुढे भाज्या आहेत, लाल लांबट टोमॅटो घोसाने टांगलेले. तासभर कुठं जाईल कळणार नाही.

पोथीवाला

अवांतर, पण राहवत नाही. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती आहे, उंची वीतभर. १९३८ साली पाँपेईच्या एका घरात सापडली, म्हणजे इ.स. ७९ च्या उद्रेकाआधी तिथं पोचलेली. "पाँपेईची लक्ष्मी" म्हणतात, लक्ष्मी आहेच असं नाही. तिच्याशी जुळणारी हस्तिदंती मूर्ती आपल्या धाराशिवजवळच्या तेरला मिळाली, आणि भोकरदनलाही तशा घडणीचा तुकडा निघाला. त्यामुळे ती सातवाहनांच्या मुलखातून, पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरातून गेली असावी असं अनेक अभ्यासक मानतात. तेरची मूर्ती लामतुरे संग्रहालयात आहे. दोन्ही बघितलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

मूर्ती ज्या दालनात ठेवतात ते प्रौढांसाठीचं, रोमन शृंगारिक वस्तूंचं आहे. सासू-सासऱ्यांना कल्पना देऊन ठेवा.

भटकी_मांजर

सासूबाईंची प्रतिक्रिया इथं सविस्तर लिहावी ही विनंती.

सांजवेळ

हा हा! सासरे मूळचे धाराशिवचे आहेत, आता त्यांना बाकाची आठवण येणार नाही.

सगळ्यांचे आभार. जुनीवाट, राग अजिबात नाही. ते घर सोडलं. मोन्तेकाल्व्हारियोच्या दाराजवळ एक आजी आपल्या घरातल्या दोन खोल्या देतात, दुसरा मजला, लिफ्ट आहे म्हणतात, लेखी घेतलंय. :) आता दोनच शंका. स्टेशनवरून तिथं टॅक्सी की मेट्रो? आणि आम्ही सोमवारी दुपारी पोचतोय, शुक्रवारी निघतोय, तर पाँपेई कुठल्या दिवशी ठेवू?

व्होमेरोकर

सामान हलकं असेल तर मेट्रो, मुख्य स्टेशनच्या गारीबाल्दी थांब्याहून तोलेदो, बदलावी लागत नाही. टॅक्सी केलीत तर बसायच्या आधी ठरलेल्या दराने जायचंय असं सांगा, "तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता". मीटर सुरू झाल्यावर सांगून उपयोग नाही.

पाँपेई मंगळवारी. त्या दिवशी पुरातत्त्व संग्रहालय आणि कापेल्ला सान्सेवेरो दोन्ही बंद असतात, बाकीचे दिवस त्यांना मोकळे राहतील. आणि आजींना लिफ्ट नाण्याची आहे का ते विचारून घ्या. इथल्या बऱ्याच जुन्या इमारतींत लिफ्टमध्ये नाणं टाकल्याशिवाय ती हलत नाही. खिशात दहा-वीस सेंटची चिल्लर असू द्या, सासऱ्यांकडेही वेगळी द्या.